बोर्डावर रात्री ११, खुर्च्या मात्र दहालाच टेबलावर

एका मोठ्या बर्गर साखळीच्या नाशिकरोडकडच्या शाखेबद्दल लिहिते आहे. साखळीचं आणि शाखेचं नाव मुद्दाम देत नाही. कंपनीला बिल क्रमांकासकट सगळं लेखी कळवलं आहे. इथे नाव घातलं, तर सगळ्यात आधी काउंटरवरच्या पोराची नोकरी जाईल, आणि त्या रात्री नीट वागलेला तो एकटाच होता.

मी गेली नऊ वर्षं पंचवटी एक्स्प्रेसनं नाशिकरोड ते मुंबई रोज ये-जा करते. पहाटे पाचला उठायचं, सातच्या सुमाराला गाडी, दिवसभर फोर्टातलं ऑफिस, संध्याकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून परत. गाडी वेळेवर असली तर रात्री दहाच्या आत नाशिकरोडला उतरते. १ नोव्हेंबर १९७५ला सुरू झालेल्या या गाडीवर पासधारकांच्या दोन पिढ्यांनी संसार केले, आणि त्या सगळ्यांना एक गोष्ट पाठ आहे : कसारा ते इगतपुरी घाट. ३७ फुटांत १ फूट असा चढ आहे. मागून बँकर इंजिनं लावल्याशिवाय गाडी वर चढत नाही. कसाऱ्याला काही अडलं की गाडी तिथेच उभी, आणि घरची ताटं झाकून ठेवलेली.

त्या शुक्रवारी लेकीचा दहावा वाढदिवस होता. केक शनिवारी, मैत्रिणींबरोबर. शुक्रवारी रात्री मात्र ‘आई, तू गाडीतून उतरलीस की आपण तिघं बर्गर खायचा’ हे तिनं महिनाभर आधी ठरवलं होतं. तिघं म्हणजे ती, मी आणि तिचे आजोबा. नवऱ्याची अंबडच्या कारखान्यात दुसरी पाळी, तो बाराशिवाय घरी येत नाही. या शाखेत आम्ही चार वर्षं जातोय. दुपारी किंवा संध्याकाळी गेलात तर तक्रारीला जागा नाही. जागा स्वच्छ, बेसिनला साबण असतो, दिवसपाळीच्या मुली हसून बोलतात, बटाट्याचा बर्गर गरम मिळतो आणि फ्राइज कुरकुरीत. दाराच्या काचेवर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलंय : सकाळी ११ ते रात्री ११. त्या अक्षरांवर विसंबूनच मी घरी सांगून ठेवलं होतं, गाडीला अर्धा तास उशीर झाला तरी चालेल, ते अकरापर्यंत उघडं असतं.

गाडीला उशीर झालाच. कसाऱ्याला थांबली. इगतपुरीहून मी फोन केला तेव्हा आजोबा आणि नात घरून निघालेसुद्धा होते. माझ्या सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वय ७६. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले. माळकरी आहेत. दर पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला जातात, गुडघे दुखायला लागल्यापासून एसटीनं जातात, पण चुकवत नाहीत. नातीपायी ते बर्गर खायला शिकले. तिथला बटाट्याचा बर्गर त्यांना ‘पावात घातलेला कटलेट’ म्हणून चालतो.

ती दोघं ९ वाजून ४० मिनिटांनी तिथे पोचली. मी पोचले १०:२०ला. मधल्या चाळीस मिनिटांत काय झालं ते लेकीनं घरी आल्यावर सांगितलं. अण्णांनी अवाक्षर काढलं नाही.

दहा वाजले तशा खुर्च्या उचलून टेबलांवर उलट्या ठेवायला सुरुवात झाली. ही दोघं बसली होती तो भाग आधी बंद केला. शिफ्ट मॅनेजर आला आणि म्हणाला, ‘ओ बाबा, ऑर्डर द्यायची असेल तर द्या, नाहीतर उठा, लॉबी बंद होतीये.’ अण्णा म्हणाले, सून येतेय, पाच-दहा मिनिटांत ऑर्डर देतो. त्यावर, ‘सगळे असंच म्हणतात.’ मग फरशी पुसणाऱ्याला तिथेच पाठवलं. ‘पाय वर घ्या, पाय वर घ्या,’ असं दोनदा. अण्णांना दोन्ही पाय एकदम वर घेता येत नाहीत. ते उठून उभे राहिले. काउंटरजवळ पार्सलची वाट बघत तीन डिलिव्हरीवाली मुलं उभी होती, त्यांतल्या एकानं उलटी ठेवलेली खुर्ची खाली काढून अण्णांना दिली. मी आत शिरले तेव्हा अण्णा त्या खुर्चीत भिंतीला टेकून बसलेले आणि लेक त्यांच्या खांद्याला धरून उभी. अर्धे दिवे बंद, एसी बंद, फिनेलचा वास.

काउंटरवर एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा होता. मी ऑर्डर सांगायला लागले तर तो मागं बघून हळूच म्हणाला, ‘काकू, किचन बंद झालंय.’ मी दारावरची वेळ दाखवली. तो काही बोलायच्या आत मॅनेजर मागून आला. तिशीचा असेल. माझ्याकडं न बघता, पैसे मोजता मोजता म्हणाला, ‘मॅडम, तुम्हाला सांगितलं ना, बंद झालंय. एकदा सांगितलेलं कळत नाही का?’

मला तर ते एकदाच सांगितलं होतं, तेही अर्ध्या मिनिटापूर्वी.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १९९९ ते २००१ मी मुंबईत अशाच एका फास्ट फूडच्या दुकानात काम केलंय. डोंबिवलीला मामाकडं राहायचे, सकाळी कॉलेज, संध्याकाळी काउंटर. क्लोजिंगची पाळी सगळ्यात जास्त वेळा माझ्याच वाट्याला यायची. क्लोजिंग काय असतं ते मला हातांनी माहीत आहे. फ्रायरमधलं तेल १७०-१८० अंशांवर असतं. ते खाली काढायचं, गाळणीतून फिरवायचं, भांड्याच्या बुडाशी साचलेला जळका चुरा खरवडायचा, परत भरायचं. ग्रिल गरम असतानाच घासावं लागतं, गार झालं की चिकटलेलं निघत नाही. आइस्क्रीमचं मशीन धुवायला निराळा वेळ. उरलेला माल मोजून वेस्ट शीटवर लिहायचा. ड्रॉवरमधले पैसे जुळले नाहीत तर जुळेपर्यंत बसायचं. आणि हे सगळं करताना डोळा घड्याळावर, कारण शेवटची कर्जत लोकल चुकली तर रात्र दादरच्या फलाटावर. साडेदहाला दहाजणांचा घोळका आत आला की पोटात गोळा यायचा. चार वेळा मीही तोंड वाकडं केलं असेल. त्यामुळे दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला रात्री साडेदहाला गिऱ्हाईक नकोसं होतं, हे मला कोणी शिकवायला नको.

म्हणूनच ठामपणे सांगते. किचन बंद झालं असेल तर तसं सांगावं, मी ऐकलं असतं. ‘ताई, फ्रायर उतरवलाय, आता बर्गर होणार नाहीत, कोल्ड्रिंक देऊ शकतो, बसा पाच मिनिटं,’ एवढं म्हटलं असतं तर आम्ही उठून घरी गेलो असतो आणि मला रागही आला नसता. पण किचन बंद नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत फ्रायरची जाळी खाली गेली आणि वर आली. तीन पार्सलं खिडकीतून बाहेर आली, डिलिव्हरीवाली मुलं ती घेऊन गेली. मी फोनवर त्याच शाखेचं पान उघडलं. तिथे शाखा चालू दिसत होती, ऑर्डर १०:४५पर्यंत घेत होते. तो पडदा मी मॅनेजरसमोर धरला. त्याचं उत्तर : ‘मग ऑनलाइन मागवा. घरी येईल.’

लेक म्हणाली, आई, जाऊ दे ना, चल. तिचा चेहरा बघून मला तिथून हलवेना. मी म्हटलं, वेळ अकराची लिहिलीय, तुमचं किचन चालू आहे, तीन साधे शाकाहारी बर्गर आणि फ्राइज द्या, आम्ही पार्सल घेऊन जातो. आवाज चढवला नाही. त्यानं काउंटरवरच्या पोराला, ‘घे यांची, नाहीतर जायच्या नाहीत,’ असं आमच्या तोंडावर सांगितलं आणि आत निघून गेला.

ऑर्डर अशी : तीन व्हेज बर्गर ३६० रुपये, मोठे फ्राइज ११०, एक कोल्ड्रिंक ५०. एकूण ५२०, त्यावर ५ टक्के जीएसटी २६, म्हणजे ५४६ रुपये. बिलावरची वेळ १०:२७. लेकीला आइस्क्रीम हवं होतं, पण मशीन धुऊन झालं होतं. ते मला मान्य. तेवढं तर मीही करायचे.

पार्सल १०:३८ला मिळालं. बाहेर आलो, तर लेकीला घरापर्यंत दम निघेना. तिला ‘वाढदिवस तिथे’ हवा होता. दुकानाच्या पायऱ्यांशेजारी कट्टा आहे, तिथे बसलो. तिनं पहिला बर्गर आजोबांच्या हातात दिला. अण्णा बर्गर कधी दातानं तोडत नाहीत, भाकरीसारखा हातानं तुकडा मोडतात. त्यांनी मोडला आणि थांबले. बाहेरून टिक्की नेहमीसारखीच, ब्रेडचा चुरा लावून तळलेली. आतून बटाटा-वाटाण्याऐवजी पांढरे रेषे निघाले. चिकन होतं. कागदावर ना शाकाहाराचा हिरवा ठिपका, ना मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण, नुसती पेनाची तिरकी रेघ.

अण्णांनी तो तुकडा कागदावर ठेवला, कागद घडी घालून बाजूला सारला आणि गळ्यातल्या माळेला हात लावला. मग लेकीला म्हणाले, ‘पिशवीत पाण्याची बाटली आहे ना, माझ्या हातावर पाणी घाल.’ तिनं घातलं. ते तीन-तीनदा हात चोळत राहिले.

मी आत गेले. दार अर्धं ओढून घेतलं होतं. काउंटरवरच्या पोरानं तुकडा पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. ‘सॉरी काकू, खरंच सॉरी, मी लगेच दुसरा करतो,’ म्हणत तो आत वळला. मॅनेजरनं त्याला दंडाला धरून थांबवलं. मला म्हणाला, ‘एवढ्या रात्री एकच माणूस दोन्हीकडं बघतो, होतं चुकून. पैसे पाहिजेत तर घेऊन जा, आता बनवून मिळणार नाही.’ मी म्हटलं, बाहेर बसलेत ते माळकरी आहेत, त्यांच्या हातात तुम्ही मांस दिलंत. तुम्ही बाहेर येऊन त्यांची क्षमा मागा, पैशांचं मग बघू.

तो म्हणाला, ‘खाल्लं नाही ना त्यांनी? मग झालं तर.’

त्यानंतर मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. १२० रुपये आणि त्यावरचा कर मात्र परत घेतला, तसं बिलावर लिहून घेतलं, त्याची सही घेतली. ही सही पुढे उपयोगी पडली, म्हणून इथे नमूद करते.

घरी पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. अण्णांनी स्वतःच गॅस पेटवला आणि पिठलं टाकलं. भात दुपारचा होता. लेकीनं वाढदिवसाच्या दिवशी पिठलं-भात खाल्ला, दोनदा मागून घेतला. आम्ही राहिलेले दोन बर्गर उघडलेच नाहीत. ते कशात तळले असतील, कोणत्या हातानं भरले असतील, याचा भरवसा उरला नव्हता. अण्णा एवढंच म्हणाले, ‘आमच्याकडं पाळी संपेपर्यंत पाळी असायची.’ तेहेतीस वर्षं त्यांनी नोटा छापणाऱ्या कारखान्यात काढली. तिथे दहा मिनिटं आधी हात आखडला आणि एक ताव चुकला, तर त्या तावाचा हिशेब लागेपर्यंत कोणी घरी जात नसे, असं ते सांगतात.

आता, ही अदलाबदल कशी झाली असेल याचा मी दोन दिवस विचार केला, कारण मी ज्या काळात काम केलं तेव्हा अशी चूक जवळपास अशक्य होती. शाकाहारी बाजू वेगळी, मांसाहारी बाजू वेगळी. तळणी वेगळ्या, उलथणी वेगळी, शाकाहारी बाजूला काम करणाऱ्याचा एप्रन हिरवा. इकडचा माणूस तिकडं जायचा असेल तर आधी हात धुऊन एप्रन बदलायचा. पाळी सुरू होताना रोज आम्हाला हे पाठ म्हणायला लावायचे. आपल्याकडं घराघरात माळकरी आहेत, जैन आहेत, वार पाळणारे आहेत. परदेशी बर्गर इथे चालला तो याच भरवशावर चालला. अकरा वाजेपर्यंत दोन्ही बाजू चालू ठेवायच्या तर दोन्हीकडं माणूस लागतो. दहालाच एक बाजू धुऊन टाकली, तर उरलेल्या बाजूला, त्याच टेबलावर, एकच माणूस हिरवा आणि तपकिरी दोन्ही माल भरणार. कधी ना कधी हात चुकणारच. खुर्च्या दहाला टेबलावर गेल्या तेव्हाच अण्णांच्या हातातला बर्गर ठरला होता. उद्धट बोलणं आणि चुकीचा बर्गर या दोन वेगळ्या तक्रारी मी मानत नाही, हे कंपनीलाही लिहिलंय.

रविवारी दुपारी मी पुन्हा गेले, एकटी. दिवसपाळीच्या मॅनेजरबाई ओळखीच्या आहेत. त्यांनी मला बाजूला बसवून चहा दिला आणि मोकळेपणानं सांगितलं. शाखेला मिळणारे कामाचे तास विक्रीवर ठरतात. रात्रीची विक्री कमी, म्हणून रात्री माणसं कमी. ११:१५पर्यंत सगळ्यांनी अंगठा लावून बाहेर पडायचं, त्यापुढचा वेळ कागदावर दाखवायचा नाही असा वरून दट्ट्या. तासाभराची साफसफाई अकरानंतर करायची तर ते पाऊण तास फुकटात जाणार, म्हणून ती दहालाच सुरू होते. ऑनलाइनची ऑर्डर नाकारली तर शाखेचे तारे कमी होतात आणि वरून फोन येतो. दारातून आलेल्या माणसाला नाकारलं तर कुठंच नोंद होत नाही. त्या म्हणाल्या, ‘ताई, तो मॅनेजर माणूस वाईट नाही, पण त्याला दोन महिन्यांत एकही रात्र सुट्टी नाही.’

हे ऐकून माझा राग कमी झाला नाही, पण त्याची अर्धी दिशा बदलली. महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने आणि आस्थापना कायदा आहे. त्यात आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आहे, त्यापुढच्या कामाला दुप्पट दरानं मजुरी आहे. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षिततेची आणि जाण्यायेण्याची सोय मालकानं करायला हवी. त्या शुक्रवारी आत दोन मुली भांडी घासत होत्या. त्यांतली एक दर पाच मिनिटांनी भावाला फोन करून ‘निघालास का’ विचारत होती. एवढ्या मोठ्या साखळीला पाऊण तासाची दुप्पट मजुरी आणि दोन मुलींची रिक्षा परवडत नाही, हे मी मान्य करणार नाही. मी १९९९मध्ये लोकल चुकण्याच्या भीतीनं जे काम उरकायचे, तेच काम आजच्या मुली त्याच भीतीनं उरकताहेत.

पण तास कमी मिळाले म्हणून ७६ वर्षांच्या माणसाला ‘ओ बाबा, पाय वर’ म्हणायचं कारण मिळत नाही. काउंटरवरचा पोरगाही त्याच शिफ्टला होता, तितकाच दमलेला होता, आणि मला ‘काकू’ म्हणून बोलत होता. डिलिव्हरीचा मुलगा दिवसभर गाडीवर होता, त्यानं खुर्ची काढून दिली. ‘आजोबा, जरा इकडं बसता का, इथलं पुसून घेतो,’ हे म्हणायला किती सेकंद लागतात? मी मोजून पाहिलं, चार.

तक्रारीचं काय झालं तेही सांगते, कारण बऱ्याच जणांना कुठं लिहायचं हे ठाऊक नसतं. कंपनीला ई-मेल केला, बिलाचा, मोडलेल्या बर्गरचा आणि सहीचा फोटो जोडून. तिसऱ्या दिवशी ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असं ठरीव उत्तर आणि १५० रुपयांचं कूपन आलं. मी कूपन परत केलं आणि लिहिलं की गैरसोय झालेली नाही, अपमान झालाय आणि माळकरी माणसाच्या हातात मांस दिलं गेलंय, त्याबद्दल अण्णांच्या नावानं पत्र पाठवा. ते अजून आलेलं नाही. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक असतो, तो छापणं २०२२पासून सक्तीचं आहे. तो क्रमांक घालून त्यांच्याच ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या अ‍ॅपवर शाकाहारी-मांसाहारी अदलाबदलीची तक्रार नोंदवली. वेळेच्या बोर्डाबद्दल आणि वागणुकीबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून तक्रार क्रमांक दिला. आपलं बिल फेकू नका, आणि जे काही परत मिळेल ते लिहून घ्या.

माझ्या मागण्या तीनच आहेत आणि त्यांतल्या एकीलाही पैसा लागत नाही म्हटलं तरी चालेल. दारावर खरी वेळ लिहा. शेवटची ऑर्डर सव्वादहाला घ्यायची असेल तर ‘शेवटची ऑर्डर १०:१५’ लिहा, आम्ही पासधारक वेळापत्रक वाचून जगणारी माणसं आहोत, पाळू. दारात बंद आणि फोनवर चालू असं ठेवू नका. आणि शाकाहारी बाजू बंद केली असेल तर शाकाहारी ऑर्डर घेऊ नका, सरळ नाही म्हणा. काउंटरवरच्या पोराचं नाव माझ्या ई-मेलमध्ये फक्त एका वाक्यात आहे : त्यानं चूक दिसताच क्षमा मागितली आणि दुसरा बर्गर करायला तो निघाला होता.

तारे द्यायचेच तर दुपारी चार, कारण दिवसपाळीनं चार वर्षांत कधी निराश केलं नाही. रात्री नऊनंतर शून्य. नाशिकरोडला रात्री उतरणाऱ्यांनी लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असताना तिथे जाऊ नये. गेलातच आणि घरात कोणी माळकरी असेल, तर बर्गर मोडून बघा.

काल गाडी वेळेवर होती. रिक्षा मुद्दाम त्या रस्त्यानं घ्यायला सांगितली. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. दारावर अजून रात्री ११ लिहिलेलं आहे, आणि काचेतून आतल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या दिसत होत्या.